अनेक हातांचे गणित : समांतर आज्ञावलीची पहिली पायरी

(शिक्षण परिषदेत प्राथमिक शिक्षकांपुढे दिलेल्या व्याख्यानावरून)



आजच्या विषयाचे नाव फळ्यावर वाचून आपणांपैकी काहींच्या मुद्रेवर जे भाव उमटले ते मी येथे बसल्याबसल्या पाहिले आहेत. शालेय पोषण आहाराच्या नोंदी, पटसंख्येची पत्रके, शिष्यवृत्ती परीक्षेची तयारी इतके सारे पुढ्यात असता विस्तार अधिकाऱ्याने हे समांतर आज्ञावलीचे नवे लोढणे कोठून आणले, असा तो भाव होता. तो रास्त आहे. मी स्वतः या विषयाकडे वयाच्या चौपन्नाव्या वर्षी वळलो, आणि पहिले तीन आठवडे माझ्याही मुद्रेवर तोच भाव होता. तेव्हा मी आज आपणांपुढे जाणता म्हणून उभा नाही. दोन इयत्ता पुढे असलेला विद्यार्थी खालच्या इयत्तेतील मुलांचा अभ्यास घेतो, तेवढाच माझा अधिकार आहे.

संगणकाला द्यावयाच्या सूचनांची क्रमवार मांडणी म्हणजे आज्ञावली, हे आपण जाणता. साधी आज्ञावली ही एका कारकुनाने एकामागून एक कामे हातावेगळी करावी तशी चालते. तेच काम अनेक कारकुनांत वाटून एकाच वेळी करविणे, आणि अखेरीस त्या सर्वांच्या कामाचा बरोबर मेळ घालणे, याला समांतर आज्ञावली म्हणतात. यातील 'वाटून' हा शब्द सोपा आहे. 'बरोबर मेळ' हे दोन शब्द अवघड आहेत. या विषयातील सारी विद्या, आणि सारे दुःखही, त्या दोन शब्दांत आहे.

वस्तुतः हे काम आपण केलेले आहे. २०२४ च्या नोव्हेंबरात विधानसभेची मतमोजणी झाली, तेव्हा आपणांपैकी कितीतरी जण मोजणीच्या टेबलांवर होते. एका मतदारसंघासाठी साधारणतः चौदा टेबले मांडलेली असतात. प्रत्येक टेबलावर एकेका केंद्राचे यंत्र येते, तेथील आकडे तेथेच उतरविले जातात, आणि शेजारच्या टेबलावर काय निघाले याची वाट पाहण्याचे कोणाला कारण नसते. हे झाले वाटून काम. पण पुढे पाहा. चौदाही टेबलांचे आकडे आल्यावाचून त्या फेरीची बेरीज होत नाही. एखाद्या टेबलावर आकडा जुळेना झाला, की उरलेली तेरा टेबले हात बांधून बसतात. याला संगणकशास्त्रात 'अडसर' म्हणतात : सर्वजण एका रेषेपाशी येईतो कोणी पुढे जावयाचे नाही. शिवाय अंतिम बेरजेचा कागद एकच असतो आणि तो एकाच अधिकाऱ्याच्या हाती असतो. चौदा जणांनी चौदा लेखण्या घेऊन त्या एका कागदावर एकदम लिहावयास सुरुवात केली असती तर काय झाले असते, याची कल्पना करावी. मी ती कल्पना केली नव्हती, म्हणून माझी फजिती झाली. ती पुढे सांगतो.

या कल्पनेचा इतिहास मोठा रंजक आहे, आणि त्याचा आरंभ यंत्रापासून होत नाही, माणसांपासून होतो. लुईस फ्राय रिचर्डसन नावाचे एक इंग्रज शास्त्रज्ञ होते. हवामानाचे भाकीत गणिताने करता येईल असा त्यांचा विश्वास होता. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये रुग्णवाहिका चालवीत असता त्यांनी २० मे १९१० या एका जुन्या दिवसाच्या नोंदी घेऊन सहा तासांच्या हवामानाचे गणित हाताने सोडविले. त्याला कित्येक आठवडे लागले, आणि उत्तर साफ चुकले. हवेचा दाब सहा तासांत १४५ मिलिबारने वाढेल असे त्यांचे गणित सांगत होते. प्रत्यक्षात दाब जवळजवळ स्थिर होता. दुसरा कोणी असता तर त्याने ते कागद जाळले असते. रिचर्डसन यांनी १९२२ साली ते सारे, चुकलेल्या उत्तरासह, पुस्तकरूपाने छापले. मुलाने चुकलेले गणित खोडून टाकू नये, चूक कोठे झाली ते तसेच दिसू द्यावे, असे आपण वर्गात सांगतो. त्याला इतके थोर उदाहरण दुसरे मला आढळलेले नाही.

त्याच पुस्तकात त्यांनी एक चित्र रंगविले आहे. एक विशाल गोल नाट्यगृह आहे, त्याच्या भिंतींवर पृथ्वीचा नकाशा काढलेला आहे, आणि सज्ज्यांतून ६४,००० माणसे आकडेमोड करीत बसली आहेत. प्रत्येकाकडे पृथ्वीचा एक लहानसा तुकडा. प्रत्येकजण आपल्या तुकड्याचे गणित करतो आणि आपला आकडा शेजाऱ्यांना दिसेल असा दाखवितो, कारण शेजारच्या प्रदेशातील वारा जाणल्यावाचून आपल्या प्रदेशातील वारा सांगता येत नाही. मध्यभागी उंच चौथऱ्यावर एक नियंता उभा आहे. जो भाग इतरांच्या पुढे धावतो त्याच्यावर तो गुलाबी प्रकाश टाकतो, जो मागे रेंगाळतो त्याच्यावर निळा. संगणक यंत्र अस्तित्वात येण्यापूर्वीच या माणसाने कामाची वाटणी, शेजाऱ्याशी देवघेव आणि सर्वांची चाल एक ठेवण्याची युक्ती, अशी तिन्ही अंगे ओळखली होती. ज्या शिक्षकाने साठ मुलांचा जोडवर्ग एकट्याने सांभाळला आहे, त्याला तो गुलाबी आणि निळा प्रकाश समजावून सांगण्याची गरज नाही.

आता आपल्या घराजवळ येऊ. मूर्तिजापूर तालुक्यातील मुरंबा हे गाव आपणांपैकी अनेकांनी पाहिले असेल. डॉ. विजय भटकर यांचा जन्म १९४६ साली या गावी झाला. १९८८ साली पुण्यात प्रगत संगणन विकास केंद्र, म्हणजे ज्याला सर्वजण सी-डॅक म्हणतात ती संस्था, स्थापन झाली, तेव्हा तिची धुरा त्यांच्याकडे आली. त्या काळी सर्वांत शक्तिमान महासंगणक अमेरिकेत तयार होत असत. हवामानाच्या कामासाठी क्रे कंपनीचे एक यंत्र कडक देखरेखीच्या अटींवर दिल्लीस मिळाले. त्याहून वरच्या प्रतीचे यंत्र देण्यास अमेरिकेचे सरकार राजी नव्हते. तेव्हा आपणच तसे यंत्र घडवावे असे ठरले, आणि त्यासाठी तीन वर्षांची मुदत व तीस कोटी रुपये देण्यात आले.

येथे विचार करण्यासारखी गोष्ट अशी की, एकच अतिवेगवान प्रक्रियक घडविण्याच्या मागे ही मंडळी लागली नाहीत. ब्रिटनमधील इनमॉस कंपनीचे 'ट्रान्सप्युटर' नावाचे प्रक्रियक त्या वेळी मिळत असत. एकेकटा ट्रान्सप्युटर काही महासंगणक नव्हे. परंतु प्रत्येकाला चार जोडण्या असत आणि त्यांच्या द्वारे तो चार शेजाऱ्यांशी बोलू शके. असे चौसष्ट प्रक्रियक एकत्र जोडून १९९१ साली 'परम ८०००' उभा राहिला. इंग्रजीतील समांतर यंत्र या अर्थाच्या शब्दांची आद्याक्षरे जुळवून ते नाव झाले, आणि संस्कृतात त्याला स्वतःचा अर्थ होताच. हा देशातील पहिला समांतर संगणक नव्हे, हेही सांगितले पाहिजे. बंगळूरच्या राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेत 'फ्लोसॉल्व्हर' १९८६ सालीच चालू झाला होता. आपल्या जिल्ह्याच्या अभिमानापोटी दुसऱ्याचे श्रेय झाकू नये.

यंत्र उभे राहिले तरी काम संपत नाही. चौसष्ट मजूर शेतावर आणून उभे केले आणि कोणी कोणती ओळ वेचावयाची हे सांगितलेच नाही, तर कापूस घरी येत नाही. जी आज्ञावली एका प्रक्रियकासाठी लिहिलेली आहे ती चौसष्टांवर आपोआप चौसष्टपट वेगाने धावत नाही. ती नव्याने विचार करून लिहावी लागते. हीच गोष्ट आज आपल्या खिशापर्यंत आली आहे. २००५ च्या सुमारापर्यंत संगणकाचा प्रक्रियक दरसाल अधिक वेगवान होत असे. पुढे वेग वाढवावा तर यंत्र तापते, अशी अडचण आली. म्हणून एकाच चकतीवर दोन, चार, आठ प्रक्रियक बसवू लागले. त्यांना 'कोर' म्हणतात. आपल्या हातातील भ्रमणध्वनीत बहुधा आठ कोर आहेत. पण ज्या माणसाला एकाच कोरसाठी आज्ञावली लिहिता येते, त्याच्यापुढे उरलेले सात कोर स्वस्थ बसलेले असतात.

याचा आपल्या पावसाशीही संबंध आहे. हवामानाचे गणित करताना पृथ्वी चौकोनांत विभागतात. भारतात पूर्वी हा चौकोन बारा किलोमीटरांचा होता; पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने घडविलेली सहा किलोमीटर चौकोनाची भाकीतपद्धती मे २०२५ मध्ये सुरू झाली. बाजू निम्मी झाली की एका चौकोनाचे चार चौकोन होतात, हे आपली पाचवीतील मुले सांगतील. शिवाय लहान चौकोनासाठी वेळेचे टप्पेही लहान घ्यावे लागतात, ते निम्मे धरले तर काम आठपट होते. पातूरला पाऊस आणि बाळापूरला ऊन, हे आपण डोळ्यांनी पाहतो. तो फरक गणितात उतरावयाचा तर हे आठपट काम वेळेत झाले पाहिजे. उद्याच्या पावसाचे भाकीत परवा हाती येऊन पेरणीला काय उपयोग?

आता माझी फजिती.

माझ्याकडील शाळांतून वाचनात मागे पडलेल्या मुलांची नावे आली होती. शाळेगणिक एक पत्रक. त्या सर्वांची एक यादी करावयाची होती, आणि त्या यादीवरून मुलांना रोज एक तास जादा वाचन मिळावयाचे होते. मी नुकतीच पायथन ही संगणकभाषा शिकू लागलो होतो. माझा भाचा अभियांत्रिकीचा विद्यार्थी आहे. तो म्हणाला होता, "मामा, आधी एकट्याचं काम नीट चालू द्या, मग चौघं लावा." मी ऐकले नाही. चार कामकरी प्रक्रिया एकदम सुरू करावयाच्या, पत्रके चौघांत वाटावयाची, आणि प्रत्येकाने आपल्या वाट्याची नावे एका सामाईक यादीच्या फाइलीत घालावयाची, अशी आज्ञावली मी लिहिली. चाचणीसाठी तीन शाळांची पत्रके घेतली. उत्तर बरोबर आले. मी समाधानाने सारी पत्रके घातली, यादी तयार झाली, ती मी पाठविली.

दोन दिवसांनी एका मुख्याध्यापिकाबाईंचा फोन आला. त्यांनी पाठविलेल्या नावांपैकी एक मुलगी यादीत नव्हती. मी म्हणालो, "बाई, पत्रक पुन्हा पाहा, राहून गेले असेल." त्यांनी पत्रकाचे छायाचित्र पाठविले. नाव होते, स्वच्छ अक्षरात होते. मी आज्ञावली पुन्हा चालविली. त्या मुलीचे नाव आले, पण एकूण संख्या पहिल्यापेक्षा वेगळी. तिसऱ्यांदा चालविली, तिसरीच संख्या. शेवटी रात्री बसून सर्व पत्रके हाताने मोजली, तेव्हा पाठविलेल्या यादीत अकरा मुले कमी भरली.

काय झाले होते ते पाहा. माझा प्रत्येक कामकरी तीन गोष्टी करीत होता : सामाईक यादी वाचून घ्यावयाची, तिच्यात आपली नावे जोडावयाची, आणि नवी यादी जुनीच्या जागी लिहून ठेवावयाची. समजा पहिल्याने यादी वाचली. तो आपली नावे जोडीत असतानाच दुसऱ्यानेही तीच जुनी यादी वाचली. पहिल्याने आपली यादी लिहून ठेवली. मग दुसऱ्याने आपली लिहिली, ती पहिल्याच्या यादीवर. पहिल्याने घातलेली नावे गेली. कोणी खोडली नाहीत, तरी गेली. दोघांनीही आपले काम चोख केले होते. दोष कोणा एकात नव्हता, दोघांच्या वेळांच्या गुंत्यात होता. म्हणूनच तो प्रत्येक वेळी निराळा दिसे, आणि तीन शाळांच्या चाचणीत दिसलाच नव्हता. साध्या आज्ञावलीतील चूक ही पाढ्यातील चुकीसारखी असते, जेव्हा म्हणाल तेव्हा त्याच ठिकाणी सापडते. ही चूक तशी नाही. दहा वेळा बरोबर आलेले उत्तर अकराव्या वेळी चुकते.

तिला 'शर्यतीचा दोष' असे म्हणतात. उपाय दोन. एक, यादीला कुलूप घालावे : ज्याच्या हाती किल्ली त्यानेच वाचावे-लिहावे, इतरांनी थांबावे. दुसरा, सामाईक यादीच ठेवू नये; प्रत्येकाने आपली निराळी यादी करावी आणि सर्वांचे झाले की एकाने त्या जोडाव्या. मी दुसरा मार्ग धरला, आणि नवशिक्याने तोच धरावा असे माझे मत आहे. कुलपे आली की किल्ल्यांचे तंटे येतात. चित्रकलेच्या तासाला एका मुलाने पट्टी घेतली, दुसऱ्याने कंपास घेतला. दोघांनाही दोन्ही हवे. पहिला कंपासासाठी अडून, दुसरा पट्टीसाठी अडून, आणि कोणीच हातातले सोडीना. तास संपला तरी आकृती कोरी. नेदरलंड्समधील शास्त्रज्ञ डायक्स्ट्रा यांनी १९६५ च्या सुमारास या प्रकारच्या अडचणींचा पद्धतशीर विचार मांडला. पट्टी आणि कंपास यांच्यापुरता साधा नियम पुरतो : सर्वांनी आधी पट्टीच घ्यावी, ती मिळाल्यावाचून कंपासाला हात लावू नये. मग कोंडी होत नाही.

दुरुस्त यादी मी पुन्हा पाठविली आणि बाईंची फोनवर क्षमा मागितली. त्या म्हणाल्या, "साहेब, नाव आलं ना, झालं." परंतु दोन दिवस त्या अकरा मुलांचा जादा तास बुडाला होता, आणि तो बुडाल्याचे त्यांपैकी कोणालाही कळणार नव्हते, कारण आपले नाव यादीत असावयास हवे होते हेच त्यांना ठाऊक नव्हते. बाईंनी फोन केला नसता तर मलाही ते कळले नसते.

आणखी एक कबुली. भाच्याने घड्याळ लावून पाहिले तेव्हा एकट्याच्या साध्या आज्ञावलीला तेच काम करावयास नऊ सेकंद लागले. माझ्या चौघांना सात. दोन सेकंदांसाठी मी अकरा मुले हरवून बसलो होतो.

चार जण लावूनही काम चौपट लवकर का झाले नाही, याचे उत्तर अमेरिकेतील जीन अॅम्डाल यांनी १९६७ साली मांडलेल्या विचारात आहे. आपण ते तोंडी गणित म्हणून घेऊ. एक काम एका माणसाला साठ मिनिटांचे आहे. त्यापैकी सहा मिनिटांचा भाग असा, की तो एकानेच करावा लागतो. उरलेली चोपन्न मिनिटे वाटून घेता येतात. नऊ माणसे लावली तर चोपन्न भागिले नऊ म्हणजे सहा, अधिक ती सहा, एकूण बारा मिनिटे. नऊ माणसे, वेग पाचपट. चोपन्न माणसे लावली तर एक अधिक सहा, सात मिनिटे. आणि सारा अकोला जिल्हा आणून उभा केला तरी सहा मिनिटांच्या आत काम होणार नाही. दहापटीहून अधिक वेग या कामाच्या नशिबी नाही. हे गणित सहावी-सातवीच्या मुलांना अवश्य द्यावे. अपूर्णांक आणि भागाकार यांचा इतका चांगला उपयोग पाठ्यपुस्तकाबाहेर क्वचितच दिसतो.

आता वर्गात काय करता येईल ते सांगतो. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये उच्च प्राथमिक टप्प्यावर आज्ञावलीलेखनाचे उपक्रम सुचविलेले आहेत. आपल्या कित्येक शाळांत संगणक आहे पण वीज नाही, वीज आहे तर संगणक बंद. पुढे सांगतो त्या उपक्रमाला दोन्ही लागत नाहीत; पटांगण आणि शिट्टी पुरे.

तीस मुले एका ओळीत, कशीही, उभी करावी. उंचीप्रमाणे ओळ लावावयाची आहे, परंतु गुरुजींनी कोणाला हलवावयाचे नाही. पहिल्या शिट्टीला पहिला-दुसरा, तिसरा-चौथा, पाचवा-सहावा अशा जोड्यांनी एकमेकांकडे पाहावे. डावीकडचा उंच असेल तर जागा बदलावी, नसेल तर स्वस्थ राहावे. दुसऱ्या शिट्टीला जोड्या बदलतात : दुसरा-तिसरा, चौथा-पाचवा, याप्रमाणे, टोकाची दोन मुले त्या फेरीत विश्रांती घेतात. तिसऱ्या शिट्टीला पुन्हा पहिल्यासारख्या जोड्या. असे आळीपाळीने करीत गेले की, आरंभी ओळ कितीही वेडीवाकडी असो, तीस शिट्ट्यांत ती उंचीप्रमाणे लागलीच पाहिजे. मुलांची संख्या जितकी, तितक्या शिट्ट्या पुरतात, हे सिद्ध झालेले आहे.

एकूण तुलना किती झाल्या? विषम फेऱ्या पंधरा, प्रत्येकीत पंधरा जोड्या, म्हणजे २२५. सम फेऱ्या पंधरा, प्रत्येकीत चौदा जोड्या, म्हणजे २१०. एकूण ४३५. एका तुलनेला पाच सेकंद धरले, तर त्या एकामागून एक करणाऱ्या गुरुजींना छत्तीस मिनिटांवर लागतील, म्हणजे जवळजवळ एक तासिका गेली. मुले एकदम करतात म्हणून अडीच मिनिटे. काम तेवढेच झाले, वेळ निराळा लागला. हा भेद मुलांना पटांगणात जितका कळतो तितका फळ्यावर कळत नाही.

एका शाळेत चौथीच्या मुलांकडून मी हे करवून घेतले. चौथ्या-पाचव्या फेरीनंतर मुलांना उत्साह आला आणि शिट्टीची वाट न पाहता त्यांनी जागा बदलण्यास सुरुवात केली. क्षणात ओळीचा बाजार झाला. मधोमध उभी असलेली एक मुलगी रडकुंडीला येऊन म्हणाली, "सर, दोघंही मले ओढून रायले, मी कोनाकडं जाऊ?" मी ज्या दोषात अकरा नावे हरविली होती, तोच दोष ती दोन्ही हातांनी अनुभवीत होती. मी शिट्टी वाजविली, सर्वांना जागीच उभे केले आणि तिलाच विचारले, असे का झाले? ती म्हणाली, "शिट्टी नव्हती ना सर." अडसर ही कल्पना मला पुस्तकातून समजावयास तीन आठवडे लागले होते.

ज्यांना स्वतः संगणकावर आरंभ करावयाचा आहे त्यांच्यासाठी आता थोडे. पायथनमध्ये 'मल्टिप्रोसेसिंग' नावाचा संच आहे, तो वेगळा विकत घ्यावा लागत नाही. त्यातील 'पूल' म्हणजे कामकऱ्यांची टोळी. तिच्याकडे कामांची यादी सोपवावी, ती वाटून घेते आणि उत्तरे क्रमाने परत देते. 'थ्रेड' नावाचा दुसराही प्रकार आहे. मी त्यानेच सुरुवात केली होती आणि आकडेमोडीचा वेग यत्किंचितही वाढला नाही, तेव्हा पुष्कळ डोके खाजविले. कारण असे की, नेहमीच्या पायथनमध्ये सर्व थ्रेडांत मिळून एकच किल्ली असते. एका वेळी एकच जण आकडेमोड करू शकतो. ऑक्टोबर २०२४ मधील आवृत्तीपासून ही किल्ली काढून टाकलेला प्रकार प्रायोगिक म्हणून मिळू लागला. नवशिक्याने तूर्त त्याच्या वाटेस जाऊ नये. विंडोज असलेल्या यंत्रावर आज्ञावलीचा मुख्य भाग त्यासाठी ठरलेल्या संरक्षक ओळीखाली ठेवावा लागतो. ती ओळ विसरली तर प्रत्येक कामकरी मूळ आज्ञावली पहिल्यापासून वाचून स्वतःच नवी टोळी उभारू पाहतो, आणि पायथन चूक दाखविते. माझी एक संध्याकाळ यात गेली. आपली जाऊ नये म्हणून सांगितले.

पहिला अभ्यास म्हणून एक ते दहा लाख यांमधील मूळ संख्या मोजाव्या. प्रत्येक संख्येला तिच्या वर्गमुळापर्यंत भागून पाहण्याची साधी रीत पुरे. एकट्याच्या आज्ञावलीने आधी उत्तर काढावे. ते ७८,४९८ यावयास हवे. ते आल्यावाचून टोळी लावू नये. मग चौघांना अडीच-अडीच लाखांचे चार भाग द्यावे. प्रत्येकाने आपली संख्या निराळी मोजावी, शेवटी चार आकड्यांची बेरीज. उत्तर पुन्हा तेच आले पाहिजे. आता घड्याळ पाहिले की एक गोष्ट ध्यानात येईल : पहिला कामकरी लवकर मोकळा होतो आणि चौथा रखडतो, कारण मोठ्या संख्येला अधिक वेळा भागावे लागते. सात तालुक्यांची पत्रके सात जणांना एकेक तालुका याप्रमाणे दिली तर अकोला तालुकेवाला रात्रीपर्यंत बसेल आणि पातूरवाला चहा पीत असेल, तसेच हे. तेव्हा चारऐवजी शंभर लहान वाटे करावे. ज्याचा हात रिकामा झाला त्याने पुढचा वाटा उचलावा. वाटे फार बारीक केले तर उचल-ठेव करण्यातच वेळ जातो, तेही करून पाहावे. किती बारीक करावे याचे उत्तर पुस्तकात नाही, घड्याळात आहे.

ज्यांच्या शाळेत चालू स्थितीतील संगणक आहे त्यांनी हा अभ्यास एका, दोन आणि चार कामकऱ्यांवर करून, प्रत्येक वेळी लागलेले सेकंद वहीत टिपून पुढील परिषदेस आणावे. यंत्र जुने असून त्यात दोनच कोर असतील तर तसे लिहावे. चार कामकऱ्यांचा वेळ तेथे दोघांइतकाच येईल, आणि तो तसा आला याचीही नोंद हवी आहे. ज्यांच्याकडे संगणक नाही त्यांनी उंचीची ओळ करवून घ्यावी व किती शिट्ट्या लागल्या ते आणावे. ओळ आधीच लागली असेल तर कमी शिट्ट्यांत काम होईल; परंतु ओळ लागली हे मुलांनी स्वतः कसे ओळखले, हे जरूर विचारून यावे. मला अजून त्याचे समाधानकारक उत्तर चौथीच्या मुलांकडून मिळावयाचे आहे.